मधली पायरी

मानसिक आजारावर बीड जिल्ह्यात उपचारच मिळत नाहीत, असं आता म्हणता येणार नाही. बीडच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा विभाग आहे, मोठ्या गावांत खासगी डॉक्टर बसतात, आणि १४४१६ हा टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर लावला तर मराठीत बोलणारं माणूस फोन उचलतं. अडचण यापुढे सुरू होते. ओपीडीत नंबर लागतो, पाच-सात मिनिटं बोलणं होतं, महिन्याच्या गोळ्या आणि पुढची तारीख मिळते. त्या तारखेपर्यंत पेशंट आणि त्याचं घर एकटं. तब्येत फारच बिघडली तर एकदम भरती करायची वेळ येते, आणि राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. पाच मिनिटांची ओपीडी आणि शेकडो किलोमीटरवरची भरती यांच्यामध्ये काहीच नाही. हे पुस्तक त्या मधल्या मोकळ्या जागेविषयी आहे.

या मधल्या जागेत अडकलेली माणसं आपल्या ओळखीचीच असतात. तीन आठवडे शेताकडे न फिरकलेला, भरल्या ताटावरून उठणारा, रात्र-रात्र जागा असणारा चाळिशीतला शेतकरी. कुणाला त्रास देत नाही म्हणून घरचे ‘जरा टेन्शन घेतलंय’ एवढंच म्हणतात. बाळंतपणाला चार महिने झाले तरी जिचा जीव घाबरा होतो आणि जिला लेकराकडे बघवत नाही, अशी माहेरी आलेली पोरगी. लातूरला नाहीतर पुण्याला परीक्षेच्या तयारीला जाऊन दोन वर्षांनी परत आलेला आणि दार लावून बसलेला मुलगा. दारू सोडून आलेला, पण गावच्या स्टँडवर उतरल्या दिवसापासून जुन्या मित्रांच्या हाका चुकवणारा बाप. यांना भरती करायची गरज नसते, आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं यांना पुरत नाहीत. त्यांना काही आठवडे, आठवड्यातून बरेच तास, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या माणसांबरोबर उपचार हवे असतात, तेही घर-संसार न सोडता. या पद्धतीला पुस्तकात आम्ही ‘सघन ओपीडी’ म्हटलं आहे. ती व्हिडिओवर किंवा फोनवर चालते तेव्हा ‘ऑनलाइन सघन ओपीडी’.

ही ओपीडी प्रत्यक्षात कशी चालते, ते आधी पाहू. अमेरिकेत रुळलेला साचा असा: आठवड्यातले तीन दिवस, रोज तीन तास, म्हणजे एकूण नऊ तास, असे साधारण दोन-तीन महिने. व्यसनाच्या उपचारांत तिथे ९ ते १९ तासांना सघन ओपीडी धरतात, २० तासांच्या पुढे गेलं की ते दिवसाचं रुग्णालय होतं. पडद्यावर आठ-दहा चेहरे असतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं हजेरीची. काल झोप किती लागली, गोळी घेतली का, जीव नकोसा झाला होता का, हे प्रत्येकाने सांगायचं. हा शेवटचा प्रश्न रोज, सगळ्यांना आणि स्पष्ट शब्दांत विचारला जातो. असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो अशी भीती पुष्कळांना वाटते, पण तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्यानंतर तासभर एखादं कौशल्य शिकायचं: राग चढताना काय करायचं, नको ते विचार कसे तपासायचे, नाही कसं म्हणायचं. उरलेला वेळ गटातल्या बोलण्याला. आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी एकट्याने भेट, गरजेप्रमाणे डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोलणं, आणि एक बैठक घरच्यांसोबत.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती एक साधी वही. तिच्यात उभे चार रकाने. सोमवार, सकाळी सात: गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकणे. जाण्याआधी मन किती जड, दहापैकी आठ. टाकून आल्यावर किती, दहापैकी सात. फरक एका गुणाचा. पुढल्या बैठकीत समुपदेशक त्या एका गुणावर वीस मिनिटं बोलतो. बरं वाटलं की कामाला लागेन, असं उदास माणूस म्हणत राहतो आणि बरं वाटण्याची वाट पाहतो. वही त्याला दाखवते की आधी हात हलतो आणि मागून मन येतं. हे ओपीडीत सांगून पटत नाही, आठवड्यातून तीनदा वही उघडल्यावर पटतं. तासांचं महत्त्व आहे ते यासाठी. सोबत दर आठवड्याला नऊ प्रश्नांची एक छोटी चाचणी असते. गुण ० ते २७. आकडा खाली येतोय का, अडलाय का, वर चाललाय का, यावरून पुढचा आठवडा ठरतो.

ही कल्पना नवी नाही. दिवसा दवाखान्यात आणि रात्री घरी, असा प्रयोग १९३०च्या दशकात मॉस्कोत झाला, तो खाटा कमी पडत होत्या म्हणून. १९४६ साली मॉन्ट्रियलमध्ये ईवेन कॅमेरॉन आणि लंडनमध्ये जोशुआ बिअरर यांनी दिवसाची रुग्णालयं उभी केली. कॅमेरॉनचं नाव पुढे रुग्णांवरच्या अमानुष प्रयोगांमुळे काळवंडलं, हेही या इतिहासात लिहून ठेवायला हवं. बिअररचा भर गटावर होता. पेशंटांनी एकमेकांना सावरायचं, हे त्याने उपचाराचं मुख्य अंग मानलं. अमेरिकेत १९६३च्या कायद्याने सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांना दिवसाच्या उपचारांची सोय करणं भाग पाडलं. त्यानंतर व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे तास आणखी सुटसुटीत झाले, कारण दारू सोडणाऱ्याला नोकरीही टिकवायची असते. तिथल्या सरकारी मेडिकेअर विम्याने सघन ओपीडीचे पैसे द्यायला सुरुवात केली ती थेट २०२४ मध्ये. इतक्या उपयोगी गोष्टीला पैशांची वाट मिळायला किती वर्षं लागली, हे आपल्याकडच्या धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पडद्यावरून मानसोपचार हीदेखील कोविडची देणगी नव्हे. १९५९ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सेसिल विटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुतर्फा टीव्हीवरून उपचार आणि शिक्षण सुरू केलं. गटोपचारही त्यांनी याच मार्गाने करून पाहिले. १९६४ मध्ये त्यांनी ११२ मैलांवरचं नॉरफोकचं मनोरुग्णालय या तारेने जोडलं. भारतात चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने २०१० पासून तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरवली. पेशंट बसमध्ये बसून चेन्नईतल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलायचा आणि औषध त्याच बसमधून घेऊन घरी जायचा. पडदा आणि औषध एकाच ठिकाणी मिळणं ही त्या प्रयोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. पुढे २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्याच वर्षी निम्हान्स व भारतीय मानसोपचार संघटनेच्या सहभागाने टेलिमानसोपचाराची वेगळी तत्त्वं आली. पहिल्या भेटीत कोणती औषधं देता येतील, कोणती मुळीच नाही, पेशंटची ओळख आणि ठिकाण कसं नोंदवायचं, हे त्यामुळे स्पष्ट झालं.

आपल्याकडची एक वेगळी परंपरा मात्र परदेशी पुस्तकांत सापडत नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. घरचे सोबत राहिले, आजार समजून घेऊ लागले, आणि माणसं लवकर घरी परतली. महाराष्ट्रात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने उभं केलेलं हे केंद्र उपचार घेऊन बाहेर पडलेल्या पेशंटांचा पाठपुरावा आणि बायकोचं, आईचं दुःख हे उपचाराच्या केंद्रस्थानी ठेवत आलं आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था काढली आणि मनाचं आरोग्य हा विषय दवाखान्यातून सभागृहात आणला. सघन ओपीडी आपल्याकडे रुजायची असेल, तर ती या मातीत रुजेल.

कोणत्या विचाराने उपचार करायचे, यावर या क्षेत्रात घराणी आहेत. एरन बेक यांची बोधनिक वर्तन उपचारपद्धती आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती दोन्ही विचार तपासायला शिकवतात. एलिस यांचं काम कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलं, त्यामुळे शहरी मराठी घरांत ते चांगलं परिचयाचं आहे. मार्शा लिनेहान यांची पद्धत स्वतःला इजा करणाऱ्या आणि भावनांच्या लाटेत वाहून जाणाऱ्या माणसांसाठी घडली. तिच्यात गटाने कौशल्यं शिकणं हा पायाच असल्यामुळे पुष्कळ सघन ओपीड्या तिच्यावर उभ्या आहेत. बारा पायऱ्यांची, एकमेकांना आधार देणाऱ्या व्यसनमुक्तांची परंपरा स्वतंत्र. आणि वर ज्या वहीचं वर्णन केलं, ती वर्तनाला चालना देणारी पद्धत. सगळ्यांचे समर्थक आपापल्या जागी ठाम आहेत. आमचं मत आम्ही लपवणार नाही: बीडसारख्या जिल्ह्यात सुरुवात वहीने करावी. ती शिकायला सोपी, शिकवायला सोपी, आणि तिचा पुरावा आपल्या शेजारचा आहे. गोव्यात संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन सहा ते आठ भेटींत हेच उपचार करवले. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि तीव्र नैराश्यात त्याचा फायदा दिसला. विचार तपासण्याची पद्धत नंतर आणावी. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याच्याशी तर्काने वाद घालण्यात त्याची आणि आपली दोघांची शक्ती जाते.

गावपातळीवर माणूस उपचारांपर्यंत येतो का, याचं उत्तरही महाराष्ट्रानेच दिलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावर काम केलं. त्याआधी उदास माणसांपैकी ४.३ टक्के मदत घेत होती; दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राच्या ‘आत्मीयता’ने गावातल्या स्वयंसेवकांच्या हातात स्मार्टफोन दिले आणि त्यावरच्या छोट्या फिल्म दाखवून बोलणं सुरू केलं. फिल्ममधल्या बाईचं दुःख बघता-बघता समोरची बाई स्वतःचं सांगू लागते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पडद्याविषयी वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आता बीडकडे येऊ. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रमाचा साचा ठरला. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. आशाताई घरोघर जाऊन प्रश्न विचारू लागल्या आणि १०४ नंबरवर समुपदेशन मिळू लागलं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस सुरू झालं. महाराष्ट्रात त्याचे तीन कक्ष झाले: पुणे, ठाणे, आणि तिसरा आपल्या अंबाजोगाईत. तालुक्यातल्या लोखंडी सावरगावला वृद्धत्व आणि मानसिक आजारांसाठी उभारलेलं केंद्र लोकांना आधी कळलं ते कोविडचा दवाखाना म्हणून. ज्या जिल्ह्याचं नाव दुष्काळ आणि आत्महत्यांच्या बातम्यांत येतं, त्याच जिल्ह्यातून मराठी माणसांचे रात्रीचे फोन उचलले जातात, याचा अभिमान बाळगायला हवा आणि त्यातून पुढचं कामही काढायला हवं.

पुढचं काम असं. हेल्पलाइनचा फोन त्या रात्रीसाठी असतो. उद्या फोन लावला तर दुसराच समुपदेशक असेल आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. पुढे डॉक्टरांकडे पाठवायची सोय टेलिमानसच्या रचनेत आहे, पण डॉक्टर म्हणजे पुन्हा ओपीडी. एकच समुपदेशक, एकच गट, आठवड्यातले ठरलेले तास, ही कडी सुटलेली आहे. कायदा मात्र या कडीच्या बाजूने आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भरतीबरोबरच समाजात राहून मिळणाऱ्या उपचारांचा, पुनर्वसनाचा आणि कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं असंही म्हटलं आहे. व्यवहारात बहुतेक विमा भरती झाल्यावरच उघडतो. ज्या उपचारांमुळे भरती टळते त्याला पैसे नाहीत आणि भरतीला आहेत, ही उलटी गंगा बदलावी लागेल.

गरज किती आहे हे सांगायला २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आहे. मोठ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार, आणि नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत बहुसंख्यांना काहीच उपचार नाहीत, असं त्यात आढळलं. ते १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. २०२२ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या: २२,७४६. हा आकडा वाचून पान उलटू नये, एवढीच विनंती.

या पुस्तकाला जे सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे, ते ऊसतोडीशी जोडलेलं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्याला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा भरायची, मग ती रात्री अकराला येवो नाहीतर दोनला. खाडा झाला तर पैसे कापले जातात. मार्च-एप्रिलपर्यंत हा संसार कोपीत. आता विचार करा: जिल्ह्याचा कोणताही मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्ह्यात बसलेला असतो, आणि ज्यांना तो हवा ती माणसं वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्यातच नसतात. ओपीडीचं कार्ड धारूरच्या घरात भिंतीला, माणूस कोल्हापूरच्या फडात. गोळ्या तुटतात त्या इथेच.

त्यातही बायकांचं ओझं वेगळं. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कित्येक शस्त्रक्रिया पाळीत खाडा नको, दुखणं नको, म्हणून झालेल्या. पुष्कळ बायका ऐन तारुण्यातल्या. पुढचं अंगाचं दुखणं, झोप उडणं, चिडचिड, एकटं रडणं, हे फारसं कुणी मोजलं नाही. ‘पिशवी काढल्यापासून असं होतंय’ असं त्या सांगतात आणि समोरचा कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतो. त्यांच्यासाठी कुठलाही गट आजवर बसल्याचं आमच्या ऐकण्यात नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की परक्या देशातले नऊ तास जसेच्या तसे उचलू नयेत. ते तिथल्या नोकरीच्या वेळा, परवाने आणि विम्याच्या हिशोबातून ठरले. आपल्या तासांचं वेळापत्रक हंगामावर बसवावं. मे ते सप्टेंबर माणसं गावात असतात. तेव्हा सघन भाग घ्यावा, आठवड्यातून दोन-तीन बैठका, वही, गट, घरच्यांची बैठक, सगळं. कारखान्याला निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्यांची आणि जाण्याच्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्याची सोय लावावी. आणि हंगामात, गट शक्य नसतो तेव्हा, त्याच समुपदेशकाचा आठवड्यातून एक वीस मिनिटांचा फोन, रात्री जेवणं उरकल्यावर. रेंज नसेल तर दुसऱ्या दिवशी. दवाखाना फडापर्यंत जाऊ शकत नाही, पण ओळखीचा आवाज जाऊ शकतो. ऑनलाइन उपचारांचं खरं सामर्थ्य आम्हाला इथे दिसतं, शहरातल्या माणसाचा ट्रॅफिकमधला तास वाचवण्यात नव्हे.

पडद्याचा आणखी एक लाभ सहसा कुणी सांगत नाही. गावात गट बसवायला गेलं की गावचा गट बसतच नाही. सगळे एकमेकांचे सोयरे, आणि संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. पोरीची सोयरीक जमायची असेल तर आई तोंड उघडत नाही. ऑनलाइन गटात पाटोद्याची बाई परळीच्या बाईशी बोलते. दोघींची ओळख नाही, पाहुणे-रावळे एक नाहीत, पण उचल, मुकादम, सासू, पिशवी, सगळं न सांगता कळतं. अनोळखी आणि तरीही आपली, अशी माणसं मिळणं हे मानसोपचारात दुर्मीळ आहे.

अडचणी पुष्कळ आहेत आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्यावरच खर्च झाला आहे. घर दोन खणांचं. फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात. नेट पॅक संपला की बैठक मध्येच तुटते. सासू शेजारी बसलेली असताना सून काय बोलणार? यावर तयार उत्तर नाही, पण साधे उपाय आहेत. बैठक सुरू होताना समुपदेशक पहिल्यांदा विचारतो: आत्ता कुठे आहात, जवळ कोण आहे, मोकळं बोलता येईल का? कुणी जवळ असेल तर पुढे उत्तर हो-नाहीत देता येईल असेच प्रश्न. एक ठरलेलं वाक्य, जसं ‘दळण टाकायचं राहिलं’, म्हटलं की समुपदेशकाने समजायचं की कुणीतरी आलं, विषय बदला. उपकेंद्राची एक खोली आठवड्यातल्या दोन दुपारी मोकळी ठेवली आणि आशाताईंच्या टॅबवर बैठक चालली, तर घराचा प्रश्न बराचसा सुटतो. आशाताईंना त्याचा वेगळा मोबदला मिळायलाच हवा. त्यांच्या खांद्यावर आधीच खूप कामं आहेत.

आणि काही माणसांसाठी ही पद्धत नाही, हे ठणकावून सांगायला हवं. आवाज ऐकू येतात, कुणी मारायला येतंय असं वाटतं, जेवणखाण सुटलंय, अशा तीव्र अवस्थेत पडदा पुरा पडत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरात एकदम दारू थांबवली तर कंप, भ्रम, फिट येऊन जीव जाऊ शकतो. ते दिवस दवाखान्यातच काढावेत. जीव देण्याचा बेत ठरलेला असेल तर बैठकीची वाट पाहू नये. म्हणून प्रत्येक पेशंटच्या कागदावर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी हव्यात: तो बसलाय त्या जागेचा पत्ता, दहा मिनिटांत पोचू शकेल अशा माणसाचा नंबर, आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव. घरातलं कीटकनाशक कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायचं, हे घरच्यांच्या पहिल्या बैठकीत ठरवून घ्यायचं. शेतकऱ्याच्या घरात या एका गोष्टीने जितके जीव वाचतात तितके कुठल्याही व्याख्यानाने वाचत नाहीत, असं आमचं ठाम मत आहे.

देवऋषी आणि ‘बाहेरचं’ यांच्याविषयी आम्ही फार लिहिलेलं नाही. उपचार सुरू असताना कुणी देवाला जात असेल तर जाऊ द्यावं, गोळ्या मात्र थांबवू नयेत, इतकंच पुरेसं आहे. बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं दिसलं तर तो कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे बोलणं थांबवून हात घालावा लागतो.

हे पुस्तक तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. पहिले पेशंटच्या घरचे, ज्यांना ‘पुढच्या महिन्यात या’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही. दुसरे समुपदेशक, सिस्टर आणि आशाताई, ज्यांना मराठीत, आपल्या तालुक्याच्या भाषेत लिहिलेला बैठकीचा आराखडा हवा असतो. तिसरे तालुक्यातले डॉक्टर आणि अधिकारी, ज्यांच्याकडे खोली, टॅब आणि वेळापत्रक ठरवायचा अधिकार आहे. लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत आणि त्यांच्यात मतभेदही आहेत, विशेषतः गट फक्त बायकांचा असावा का, आणि फोनवरचे उपचार व्हिडिओइतके मोजावेत का, या दोन बाबतीत. ते मतभेद आम्ही मिटवले नाहीत. वाचकाने दोन्ही बाजू वाचून आपल्या गावाला काय लागू पडतं ते पाहावं. लहान मुलांचे उपचार आणि मतिमंदत्व हे विषय बाहेर ठेवले आहेत, त्यांना वेगळं पुस्तक लागेल. ॲप आणि संगणकाशी गप्पा मारून उपचार घेण्याविषयीही थोडंच आहे, कारण माणसाशिवाय चालणाऱ्या अशा साधनांतून लोक लवकर गळतात, आणि आमची चिंता नेमकी त्या गळणाऱ्यांची आहे.

शेवटी वहीचे कोरे रकाने, नऊ प्रश्नांची चाचणी, पहिल्या बैठकीत विचारायचे प्रश्न आणि हंगामाला निघण्याआधीची यादी मोठ्या अक्षरात छापली आहे. त्यांची झेरॉक्स काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पुस्तक वाचत असताना तुमच्या घरात आत्ताच कुणाचा जीव धोक्यात आहे असं वाटलं, तर उरलेली पानं नंतर वाचा; आधी १४४१६ लावा, तो दिवसरात्र आणि मोफत चालतो, आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा.